गावचा रस्ता दुरुस्त करून घ्यायचाय? आधी तो कुणाचा ते बघा
आमच्याकडं पाटणच्या डोंगरी भागात पावसाळा संपला की रस्ता कमी न खड्डे जास्त, पेशंट न्यायचा तरी जीव मुठीत धरावा लागतो, म्हणून हे लिहितोय. आम्ही पहिलं वर्ष चुकीच्या ऑफिसात अर्ज देण्यात घालवलं, तुम्ही तसं करू नका. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. रस्ता कुठल्या प्रकारचा ते कळायला त्याचा नंबर ग्रामसेवकाला (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) नाहीतर उपअभियंत्याला विचारा.

रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर बोर्ड नीट वाचा, काम पूर्ण झाल्यापासून 5 वर्षं देखभाल ठेकेदारानंच करायची असते, त्यामुळं तारखेचा फोटो काढून ठेवाच.

मग ग्रामसभेत ठराव घ्या, नुसत्या सह्यांच्या कागदापेक्षा त्याला वजन जास्त. अर्जात "रस्ता खराब आहे" एवढंच नको, कुठल्या वस्तीपासून कुठपर्यंत, किती मीटर, एसटी बंद झालीय का, शाळेची पोरं किती जातात, सगळं फोटोसकट लिहा. आवक-जावकचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका, हे लय महत्त्वाचं.

महिनाभरात हालचाल नाही झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. मागच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक न मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) प्रत मागा, कागदावर भरलेले खड्डे त्यातच सापडतात.