विजयदुर्गाच्या बंदरात स्वतःची नौका कशी न्यावी

विजयदुर्गाच्या बंदराबद्दल सल्ले देणारे बहुतेक लोक तिथे एसटीने गेलेले असतात. ते आंग्र्यांची गुराबं-गलबतं, म्हणजे त्यांच्या आरमाराची लढाऊ जहाजं, सांगतील, पाण्याखालची भिंत सांगतील, आणि नांगर कुठे टाकावा असं विचारलं की विषय बदलतील. हा लेख ज्यांना समुद्राकडून जायचंय त्यांच्यासाठी आहे, मग नौका शिडाची असो वा मोटरची.

आधी कटकटीची कामं. नोंदणी, विमा आणि सगळ्यांची ओळखपत्रं नौकेवर हवीत. सागरी पोलीस भर समुद्रात थांबवून मागतात आणि त्यात काही गैर नाही. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयाला आधी कळवा. व्हीएचएफ १६ वर, म्हणजे सागरी रेडिओच्या सोळाव्या वाहिनीवर, कान ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे क्रमांक सुकाणूजवळ लिहून चिकटवा. नौकेवर परदेशी बावटा असेल, तर मुंबई किंवा मार्मागोव्यासारख्या बंदरात सगळे सोपस्कार उरकल्याशिवाय इकडे वळू नका.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, दुपारी वायव्येचा. पावसाळ्यात विचारही नको.

आता खरी अडचण. ती म्हणजे जाळी. शेवटच्या आठ-दहा मैलांत किल्ला समोर दिसत असतो, मन सैल होतं, आणि नेमकी तिथेच पंख्यात जाळी अडकते. संध्याकाळी सोडलेली तरंगती जाळी सकाळपर्यंत पाण्यात असतात. टोकाला काठीवर फडकं किंवा लुकलुकता दिवा असतो, कधी नुसता प्लास्टिकचा डबा. रडारवर यातलं काहीच धड दिसत नाही. म्हणून माझा नियम पक्का आहे: विजयदुर्गात रात्री शिरायचं नाही, आणि भल्या सकाळीही नाही. तुम्ही पश्चिमेकडून आत येता, त्यामुळे कोवळं ऊन थेट डोळ्यांत जातं आणि सगळं पाणी चकाकतं. त्या चकाकीत फडकं दिसत नाही. दुपारी ऊन पाठीशी येतं खरं, पण तोवर वायव्येचा वारा वाढलेला असतो आणि लाटा किल्ल्याच्या बाजूला ढकलत राहतात. मधली वेळ धरा. साडेनऊ ते साडेअकरा.

ही वेळ साधायची तर दक्षिणेकडून येणाऱ्यांनी आदल्या रात्री देवगडला मुक्काम करावा. तिथून साधारण बारा सागरी मैल. उजाडल्यावर निघालात तरी आरामात पोचता. 'मालवणहून एका दमात' हा सल्ला देणाऱ्याला निघायची वेळ विचारा. तीसेक मैल म्हणजे पाच गाठींच्या वेगाने सहा तास, म्हणजे निम्मी वाट अंधारात. रत्नागिरीहून येताना अंतर थोडं कमी, पण अडचण तीच. तेव्हा अंधारात किनाऱ्यापासून चांगलं लांब राहा आणि लख्ख उजाडल्यावरच आत वळा.

शेवटच्या टप्प्यात एक माणूस नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाला, उभा करा आणि त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका, फोटो काढायचंही नाही. इंजिन मंद ठेवा. थांबलेली होडी दिसली की तिचं जाळं शोधा. ते बहुधा ज्या दिशेने वारा येतो त्या बाजूला पसरलेलं असतं, म्हणून होडीच्या वाऱ्याखालच्या अंगाने, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूने, जा. होडीवरून कोणी हात हलवून ओरडत असेल, तर तो तुमचं स्वागत करत नाहीये. तो दाखवेल तिकडे वळा. तरीही अडकलात तर लगेच गिअर काढा. मागे घेऊन सुटायचा प्रयत्न केला की गुंता आणखी घट्ट बसतो. आणि तांडेलाशी, म्हणजे त्या होडीच्या म्होरक्याशी, बोलल्याशिवाय सुरी चालवू नका. ते जाळं त्याचं पोट आहे. कापावंच लागलं तर पैसे जागेवर द्या.

पाण्याखालच्या भिंतीचं एवढं भय नको. ती किल्ल्याच्या पश्चिमेला आहे, आणि तिची गाठ पडते ती छायाचित्रासाठी तटाला घासून जाणाऱ्यांशीच. किल्ला उजव्या हाताला, भरपूर लांब ठेवून वळसा घाला. फोनवरच्या नकाशात खडप, म्हणजे पाण्यातले खडक, दिसत नाही. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेख कार्यालयाचा नकाशा घ्या.

आत आलात की वाघोटन खाडीचं प्रशस्त पाणी. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, इथे नाही; आरमार इथे ठेवलं त्याचं हे मोठं कारण. किल्ल्याच्या पूर्वेला, धक्क्यापासून आणि मच्छीमारांच्या वाटेपासून दूर नांगर टाका. तळ चिखलाचा आहे. भरतीची खोली धरून पाचपट दोर सोडा, कारण ओहोटीला नौका पूर्ण फिरते. मित्रांच्या नौका शेजारी शेजारी बांधून ठेवायची हौस इथे तरी नको. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांची जहाजं याच बंदरात एकमेकांना बांधलेली होती. इंग्रज नौदलाच्या वॉटसनच्या ताफ्याच्या तोफगोळ्याने एक पेटलं आणि बघता बघता सगळं आरमार जळालं. तुमच्यावर तोफा चालणार नाहीत, पण स्वयंपाकाच्या गॅसची आग तशीच पसरते.

किल्ला पायी बघा, तीन तटबंद्या आहेत, अर्धा दिवस जातो. गिर्ये इथली खडकात कोरलेली मराठ्यांची गोदी मात्र चुकवू नका. छोटी होडी घेऊन भरती चढत असताना खाडीने आत जा आणि ओहोटी लागायच्या आधी परत फिरा, नाहीतर चिखलात उतरून होडी ढकलावी लागेल. नौका लावण्याची आधुनिक सोय बंदरात नाही. डिझेल आणि पिण्याचं पाणी कॅनमधून आणावं लागतं, तेव्हा रिकामे कॅन घरूनच घेऊन या.