आधी साखर कमी करा, मग प्रोबायोटिक घ्या

प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी अशा जिवंत जिवाणूंची, कॅप्सूल घेतली की गोड खायला मोकळे, असं समजणारे बरेच जण भेटतात. ही समजूत खोडून काढावीशी वाटते, म्हणून हा लेख.

2022 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना चरबी आणि साखर भरपूर असलेला आहार दिला. साखरेवर एका जातीचे जिवाणू माजले आणि त्यांनी तंतूसारख्या उपयोगी जिवाणूंना हुसकावून लावलं. त्यामुळे आतड्यातल्या टीएच-17 या संरक्षक रोगप्रतिकारक पेशी घटल्या, वजन वाढलं, इन्सुलिनचा परिणाम मंदावला. तंतूसारखे जिवाणू परत दिल्यावर संरक्षणही परतलं. माणसाच्या आतड्यातले जिवाणू वेगळे असतात, त्यामुळे हाच निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पण साखर आतड्यातली वस्ती बदलते, हे विसरू नये.

म्हणून पहिलं काम साखरेचं. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून रोजच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांखाली ठेवायला सांगते. 5 टक्के, म्हणजे साधारण 25 ग्रॅम, त्याहून चांगलं. एका 250 मिलीलिटर गोड शीतपेयातच बहुधा तेवढी साखर असते. तेव्हा सुरुवात पेयांपासूनच करा.

मग जिवाणूंना खायला द्या: कडधान्यं, भाज्या, अख्खी फळं, कोंड्यासकट धान्य. प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतुमय घटक (फायबर) पोटात जायला हवेत. एकदम वाढवलेत तर पोट फुगेल, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी पुरेसं प्या.

आता प्रोबायोटिक. जिवंत जिवाणू असलेलं बिनसाखरेचं दही किंवा केफिर (दूध आंबवून केलेलं पेय) रोज थोडं खा. उकळत्या पदार्थात घातलं तर जिवाणू मरतात. फळांच्या स्वादाच्या दह्यात बहुतेकदा वरून साखर घातलेली असते, तेव्हा लेबल वाचाच. कॅप्सूल घेणार असाल तर जिवाणूच्या जातीबरोबर उपप्रकाराचं नावही पाहा, कारण गुण उपप्रकारानुसार बदलतात. जिवंत जिवाणूंची संख्या वापराच्या अंतिम तारखेपर्यंतची दिली आहे का, तेही तपासा.

प्रतिकारशक्ती फार कमी असेल किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल घेऊ नका. मधुमेहाची औषधं आपल्या मनाने कमी करू नका. एचबीए1सी चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवते. ती सुरुवातीला एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या.