वायफाय प्रिंटर चालू, तरी लॅपटॉपवर 'ऑफलाइन': माझा अनुभव

मिशनच्या ऑफिसात आम्ही नवरा-बायको ज्येष्ठ मिशनरी. संध्याकाळी तरुण मिशनरी जेवायला येणार होते आणि त्याआधी सभेच्या पत्रिका छापायच्या होत्या. प्रिंटरचा वायफायचा दिवा लागलेला, विंडोज ११ मात्र 'ऑफलाइन' म्हणत होतं. राउटर बदलल्यापासूनची ही कटकट. बंद-चालू करून झालं, ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकला, ढिम्म. कुकरच्या शिट्ट्या मोजू की हे बघू, असं झालं.

चाललं ते असं: प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कचं पान छापलं, त्यावरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा प्रिंटरचा ओळख-क्रमांक) टिपला. लॅपटॉपवर अडकलेली जुनी कामं रद्द केली (नाहीतर तीच पत्रिका पुन्हापुन्हा निघते). मग सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, आपला प्रिंटर, प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स. तिथे 'डब्ल्यूएसडी' पोर्टवर, म्हणजे विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून लावलेल्या जोडणीवर, खूण होती. अ‍ॅड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, न्यू पोर्ट. तिथे टिपलेला पत्ता घातला. लगेच कॉन्फिगर पोर्टमधली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची (प्रिंटरला त्याची स्थिती विचारत राहण्याच्या सोयीची) खूण काढली. ती असली की चालू प्रिंटरही ऑफलाइन दिसू शकतो. अप्लाय केलं आणि रश्श्याला फोडणी पडेपर्यंत पत्रिका बाहेर.

शेवटी राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी तोच पत्ता राखून ठेवला, म्हणजे वीज गेली-आली तरी तो बदलत नाही.