सॉफ्टवेअरला लायसन्स लावताना या चुका टाळा

मेडिकल दुकानाचं बिलिंग, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, शाळेची फी, पतसंस्थेचा हिशेब अशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या दोन-चार जणांच्या कंपन्या महाराष्ट्रात तालुक्यातालुक्यात आहेत. एकाने विकत घेतलेलं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून आणखी चार दुकानांत पोचतं, हे त्यांचं जुनं दुखणं. म्हणून घाईघाईत लायसन्सची सोय केली जाते. मग तक्रारीचे फोन सुरू होतात, आणि ते करतात पैसे भरलेलीच गिऱ्हाइकं. ज्याने क्रॅक (लायसन्सचं कुलूप तोडलेली प्रत) मिळवलाय त्याचं काहीच अडलेलं नसतं. लायसन्सची बहुतेक चुकीची रचना अशीच उलटी पडते.

कोणालाही बनवता येईल अशी की

विंडोज ९५ च्या सीडी-कीचं, म्हणजे सॉफ्टवेअर बसवताना टाकायच्या क्रमांकाचं, उदाहरण घ्या. शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला सातने भाग गेला, तर ती की बरोबर धरली जायची. त्यामुळे १११-१११११११ ही सगळेच एक असलेली दहा आकड्यांची कीसुद्धा चालायची. आजही अनेक छोट्या सॉफ्टवेअरमध्ये असंच एखादं सूत्र लपवलेलं असतं. कोड उघडून ते सूत्र सापडलं, की कोणीही हव्या तितक्या की तयार करतो.

याला उपाय डिजिटल सहीचा. गिऱ्हाइकाचं नाव, मॉड्यूल, मुदत आणि मशीनची ओळख एका लायसन्स फाइलमध्ये लिहायची आणि तिच्यावर प्रायव्हेट कीने, म्हणजे फक्त आपल्याकडे असलेल्या गुप्त कीने, सही करायची. सॉफ्टवेअरमध्ये फक्त पब्लिक की ठेवायची. तिने सही तपासता येते, नवी सही करता येत नाही. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. ईडी२५५१९ किंवा आरएसए या सही करण्याच्या पद्धतींसाठी तयार लायब्ररी मिळतात, त्याच वापरा. स्वतःचं एन्क्रिप्शन लिहायला बसू नका. प्रायव्हेट की प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर किंवा गिटमध्ये (कोड साठवण्याच्या जागेत) राहिली असेल, तर आजच हलवा.

या सहीची मर्यादाही माहीत असू द्या. लायसन्स तपासणारी ओळच कोणी कोडमधून काढून टाकली, तर सही काही करू शकत नाही. म्हणून तपासणी एकाच ठिकाणी ठेवू नका. पण क्रॅक करणाऱ्याशी झुंजण्यात वर्ष घालवण्यात अर्थ नाही. ते वर्ष सपोर्ट आणि अपडेटला द्या, कारण क्रॅक वापरणाऱ्याला नेमकं तेच मिळत नाही.

आणि सगळ्यांना मिळून एकच की देऊ नका. विंडोज एक्सपीची मोठ्या कंपन्यांसाठीची एक की २००१ मध्ये बाजारात येण्याआधीच फुटली. तिला ॲक्टिव्हेशन (मायक्रोसॉफ्टकडून की मंजूर करून घेणं) लागत नसल्याने ती जगभर फिरली. प्रत्येक गिऱ्हाइकाची की वेगळी असेल, तर फुटलेली कोणाची हे कळतं आणि पुढच्या अपडेटमध्ये तेवढीच बंद करता येते.

एकाच आकड्यावर मशीन ओळखणं

सर्वात जास्त फोन याच चुकीमुळे येतात. लायसन्स मॅक ॲड्रेसला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला, बांधलेलं असतं. दुकानाचं इंटरनेट बंद पडतं, मुलगा मोबाइलचं टेदरिंग लावतो, विंडोज नवं नेटवर्क कार्ड पुढे करतं आणि काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना 'इनव्हॅलिड लायसन्स' झळकतं.

मदरबोर्डचा सीरियल नंबर तरी भरवशाचा का? असेंबल केलेल्या पीसीवर तो वाचून बघा. अनेक बोर्डांवर नंबराच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' (कॉम्प्युटर बनवणाऱ्याने भरावं) एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे तसे सगळे पीसी तुमच्या लायसन्सला एकच वाटणार. हार्डवेअरवाल्याने एका डिस्कची इमेज (जशीच्या तशी नक्कल) दहा मशीनवर उतरवली असेल, तर विंडोज प्रत्येक मशीनला देतं तो ओळख क्रमांक, मशीन-जीयूआयडीही दहा ठिकाणी सारखाच असू शकतो.

म्हणून मदरबोर्ड, डिस्क आणि मशीन-जीयूआयडी तिन्ही घ्या आणि तीनपैकी दोन जुळले तर चालू द्या. रिकामे आणि असे ठोकळेबाज नंबर मोजूच नका.

तारखेवर आंधळा विश्वास

मुदत संपू नये म्हणून घड्याळ मागे नेणारे असतात. त्यामुळे तारीख मागे गेली की सॉफ्टवेअर लॉक करायचं, असं अनेकजण करतात. पण जुन्या पीसीतला घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. गिऱ्हाइकाने काहीच केलेलं नसतं. शेवटच्या बिलाच्या तारखेशी ताडून बघा, 'कॉम्प्युटरची तारीख चुकली आहे, दुरुस्त करा' असा साधा मराठी संदेश द्या आणि तारीख नीट झाली की आपोआप पुढे जाऊ द्या.

सतत इंटरनेट मागणं

युबिसॉफ्टने २०१० मध्ये काही पीसी गेमना कायम ऑनलाइन राहण्याची अट घातली. मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे देऊन गेम घेतलेल्यांनाच खेळता येईना. करमणुकीत हे कसंबसं सहन होईल. दवाखान्यात आणि पतसंस्थेत होत नाही. सर्व्हरशी संपर्क झाला नाही तरी निदान तीस दिवस काम चालू द्या. मुदत संपली तर नवी नोंद थांबवा, पण जुनी बिलं बघणं, छापणं आणि एक्सेलमध्ये काढणं कधीही बंद करू नका. तो डेटा गिऱ्हाइकाचा आहे. थकलेल्या एएमसीसाठी (वार्षिक देखभालीच्या पैशांसाठी) तो अडवून धरणं मला साफ अमान्य आहे.

ई-पुस्तकं आणि कोर्सचे व्हिडिओ

सोनी बीएमजीने २००५ मध्ये गाण्यांच्या सीडींतून विकत घेणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर, बसवलं. ते उघडकीस आल्यावर सीडी परत मागवाव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा वाचकांची विकत घेतलेली पुस्तकंही गेली, पैसे तेवढे परत मिळाले. कडक कुलपाची जोखीम अशी वाचकावर येते.

पीडीएफला पासवर्ड लावण्यात अर्थ नाही, फाइलबरोबर पासवर्डही फॉरवर्ड होतो. त्यापेक्षा प्रत्येक प्रतीत खरेदीदाराचं नाव आणि ऑर्डर क्रमांक छापा. व्हिडिओवर तेच नाव जागा बदलत दिसू द्या, म्हणजे मोबाइलने पडद्याचं शूटिंग केलं तरी ते सोबत जातं. खरेदीदाराचा फोन नंबर मात्र छापू नका, फाइल फुटली तर तोही फुटतो.

कागद न करणं

फ्रीलान्सरकडून कोड लिहून घेतला, पैसे दिले, म्हणजे कॉपीराइट आपला झाला, असं अनेकजण धरून चालतात. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट सहसा मालकाचा असतो. फ्रीलान्सरचा मात्र लेखी हस्तांतर होईपर्यंत त्याच्याकडेच राहतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईतल्या मराठी दुकानदाराला सॉफ्टवेअर विकणाऱ्याने हे आधी तपासावं.

गिऱ्हाइकाच्या करारात 'बॅकअप प्रतही काढायची नाही' असलं कलम घालू नका, कारण कायदा नुकसानीपासून बचावासाठी तशी प्रत काढू देतो. किती मशीन, किती युजर, दुसरी शाखा धरली का, मशीन बदलल्यास काय, हे मात्र स्पष्ट मराठीत लिहा. कायद्यात दात आहेत. नकली सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३ब खाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी पेन ड्राइव्हवरून घेतलेल्या दुकानदाराला आधी फोन करा, सवलतीत लायसन्स द्या. बऱ्याचदा तो गिऱ्हाईक होतो.

अडलेल्याची सुटका

'लायसन्स एरर' एवढाच संदेश असेल तर फोनवर अर्धा तास जातो. मशीन जुळलं नाही, तारीख मागे आहे, फाइल सापडली नाही, सही चुकली, या प्रत्येक कारणाला वेगळा क्रमांक द्या आणि तो पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवा. अँटिव्हायरसने लायसन्स फाइल उचलली का, हे सर्वात आधी विचारा. आणि फोन घेणाऱ्या व्यक्तीला सात दिवसांची तात्पुरती की स्वतः देता आली पाहिजे, रविवारी संध्याकाळी प्रोग्रामरला शोधत न बसता.