फॉक्सहाउंडची पिल्ले घरी वाढवताना या चुका टाळा

इंग्लंडच्या ग्रामीण भागात फॉक्सहाउंड या टोळीने माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्यांची पिल्ले आठ-दहा आठवड्यांची झाली की केनलमधून, म्हणजे टोळीच्या कुत्राघरातून, आसपासच्या शेतकऱ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या घरी वाढायला पाठवली जातात, आणि अंगात दांडगाई येईपर्यंत, म्हणजे पुढचे सहा-आठ महिने, तिथेच राहतात. ती सांभाळणाऱ्याला पपी वॉकर म्हणतात. आम्ही इथल्या एका खेड्यात स्थायिक झाल्यावर शेजाऱ्याच्या भिडेखातर हे काम अंगावर घेतले आणि दोन खेपा पिल्ले वाढवली. पहिल्या खेपेत झालेल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच होते: पिल्लू आपले नाही, ते परत द्यायचे आहे, याचा विसर.

पहिली चूक एकच पिल्लू मागण्याची. हाउंड जोडीनेच मोजले जातात. टोळीत एकतीस हाउंड असतील, तर टोळी सांभाळणारा हंट्समन 'साडेपंधरा जोड्या' असे सांगतो. ज्याला जन्मभर टोळीत जेवायचे आणि झोपायचे आहे, त्याने बालपणी एकट्याने माणसांच्या मांडीवर वाढणे बरे नव्हे. दोन पिल्लांमुळे नासधूस दुप्पट होते हे खरे (आमचे गमबूट तिसऱ्या आठवड्यातच संपले), पण रात्रीचे केविलवाणे रडणे जवळजवळ बंद होते.

नावाच्या बाबतीत माझी चूक जास्त महागात पडली. हाउंडचे नाव बहुधा दोन-तीन अक्षरांचे असते आणि त्याचे आद्याक्षर आईच्या किंवा बापाच्या नावावरून घेतात. आमच्याकडे आलेल्या जोडीची नावे गॅम्बल आणि गॉसिप अशी होती. घरात मात्र दोन दिवसांत त्यांचे 'गोट्या' आणि 'छकुली' झाले आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. केनलमध्ये जेवणाच्या वेळी हंट्समन दारात उभा राहून एकेका हाउंडचे नाव घेतो आणि ज्याचे नाव घेतले, त्यानेच पुढे व्हायचे असते. बारीक किंवा बुजरे हाउंड आधी जेवावेत, दांडग्यांनी सगळे फस्त करू नये, यासाठी ही पद्धत आहे. परत गेल्यावर पहिले काही दिवस गॅम्बल आपले नाव पुकारले जात असताना निवांत बसून राहिला. तेव्हा नाव ठरलेलेच घ्यावे, घरातल्या सगळ्यांनी तेच घ्यावे, आणि रागावताना ते उच्चारू नये. नाव ऐकून धावत येणाऱ्या पिल्लाला घासभर खाणे मिळावे. नाव ऐकून बोलणी खावी लागली, तर ते पुढच्या वेळी कुंपणाआड जाऊन बसते.

आपल्याकडचे कारवानी शिकारी कुत्रे पाहिलेल्यांची आणखी एक फसगत होते. कारवानी नजरेने धावतो, फॉक्सहाउंड नाकाने. नाक एकदा जमिनीला लागले की हाक कानावर पडूनही पोहोचत नाही. म्हणून हाकेला येणे, गळ्यात पट्टा आणि साखळी सहन करणे हे तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच अंगवळणी पाडावे. नाक जागे झाल्यावर सुरुवात केली, तर फार उशीर झालेला असतो.

सर्वांत गंभीर चूक मेंढ्यांची. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ फेब्रुवारी २००५ पासून कुत्र्यांच्या टोळीने कोल्ह्याची शिकार करणे बेकायदा आहे. तेव्हापासून टोळ्या गंध लावलेले फडके आधी जमिनीवरून ओढून तयार केलेल्या मागावर धावतात, आणि त्या पद्धतीवरही इथे कडवा वाद चालू आहे. कोणाची बाजू काहीही असली, तरी माग सोडून मेंढरू, हरीण किंवा ससा यांच्या मागे लागणारा हाउंड कोणालाच नको असतो. मेंढ्यांना त्रास देणाऱ्या कुत्र्याचा मालक १९५३ च्या कायद्यानुसार गुन्हेगार ठरतो, आणि अशा कुत्र्याला गोळी घालणाऱ्या शेतकऱ्याला १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर संरक्षण आहे.

यावरचा सोयीस्कर उपाय म्हणजे पिल्लांना मेंढ्यांपासून दूर ठेवणे, आणि नेमका तोच चुकीचा आहे. ज्याने मेंढी पाहिलीच नाही, त्याला ती धावताना प्रथम दिसली की तो तिच्यामागे सुटणारच. शेजाऱ्याने आम्हाला वेगळे शिकवले. साखळीला धरलेली गॉसिप त्याने गोठ्यातल्या, कोकरू पायाशी असलेल्या मेंढीसमोर नेली. मेंढीने मान खाली घातली, पुढचा पाय दाणकन आपटला आणि दोन पावले अशी चाल करून आली की गॉसिप शेपूट पोटाशी घेऊन माझ्या पायांमागे लपली. त्यानंतर रोज त्याच वाटेने, त्याच शांतपणे नेत राहिल्यावर मेंढ्या तिच्या लेखी कुंपणाच्या खांबांसारख्या झाल्या. कोंबड्या, मांजर, घोडे, ट्रॅक्टर यांचीही ओळख अशीच, लहानपणी आणि साखळीला धरून करून द्यावी. दोन्ही पिल्ले मोकळी सोडून 'बघू काय करतात' असा प्रयोग कधीही करू नये, कारण एकट्याला जे सुचत नाही, ते जोडीला हमखास सुचते.

खाण्यात आपला मराठी हात सढळ असतो. दूध-पोळीने आमच्या पिल्लांना आठवडाभर जुलाब झाले. मोठ्या जातीच्या पिल्लांचे तयार खाद्य सुरू केल्यावर ते थांबले. त्या खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेले असते, म्हणून वरून पावडर देऊ नये. वाढत्या हाडांना जादा कॅल्शियम अपायच करते. पिल्लू लंगडू लागले, तर आधी फिरण्याचे अंतर आठवावे. डांबरी रस्त्यावर लांबवर पळवल्याने कोवळ्या सांध्यांवर ताण येतो आणि मांजरासारखा गोल, घट्ट असायला हवा तो पंजा पसरतो. गवतावर मनसोक्त हुंदडणे पुरेसे आहे. दोन दिवसांच्या विश्रांतीनेही लंगडणे थांबले नाही, तर पशुवैद्याकडे न्यावे. लस आणि जंताचे औषध यांच्या तारखा केनलकडून लिहून घ्याव्यात. चॉकलेट, मनुका, कांदा आणि उंदराचे औषध उंच कपाटात ठेवावे.

परत देण्याचा दिवस पुढे ढकलणे ही शेवटून दुसरी चूक. घरात रुळलेल्या मोठ्या हाउंडला टोळीची शिस्त लागणे जड जाते, आणि माद्या माजावर येण्याच्या सुमारास तर घरी ठेवणे शहाणपणाचे नसतेच.

शेवटची चूक पुढच्या उन्हाळ्यातल्या पपी शोमध्ये, म्हणजे वाढवलेल्या पिल्लांच्या प्रदर्शनात, होते. बोलर टोप्या घातलेले परीक्षक रिंगणात एकेक जोडी न्याहाळत असतात, हंट्समन बिस्किटाचे तुकडे टाकून हाउंडला नीट उभे करत असतो आणि वॉकर भोवती खुर्च्यांवर बसलेले असतात. गॅम्बल समोर आला तेव्हा माझ्या तोंडून हळूच 'गोट्या' निघून गेले. परीक्षकाकडे पाठ करून तो थेट माझ्यापाशी आला आणि पुढचे पाय मांडीवर ठेवून उभा राहिला. दुसऱ्या खेपेच्या वर्षी मी मागच्या रांगेत, वारा रिंगणाकडून माझ्याकडे येईल अशा बाजूला बसलो.