मोठ्यांची कार्टून मालिका मध्येच घसरली? या चुका टाळा

‘सिम्पसन्स बघण्यासारखी आहे का?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘कितवा सीझन?’ समोरचा वैतागतो, पण माझाही इलाज नसतो. डिसेंबर १९८९ मध्ये सुरू होऊन अजून चालू असलेल्या या अमेरिकी कार्टून मालिकेला एकच शेरा देणं म्हणजे पस्तीस वर्षांच्या पावसाची सरासरी सांगण्यासारखं आहे. आज छत्री घ्यायची की नाही, ते त्यातून कळत नाही.

मोठ्यांसाठीच्या अशा कार्टून मालिका इतक्या वरखाली होतात, कारण त्यांना थांबायला निमित्तच नसतं. पात्रं म्हातारी होत नाहीत, सिम्पसन्समधला मुलगा बार्ट दहा वर्षांचाच राहतो. पडद्यावर तेच पिवळे चेहरे दिसतात आणि आत लिहिणारी माणसं मात्र बदललेली असतात. आपले बहुतेक चुकीचे निष्कर्ष इथूनच निघतात.

पहिल्या दोन-तीन भागांवर निकाल देणं

‘बोजॅक हॉर्समन’ (२०१४) मी पहिल्या खेपेला तिसऱ्या भागानंतर बंद केली होती. दारुडा घोडा, हॉलिवूडची टिंगल, प्राण्यांच्या नावांवर कोट्या, बरं, पुढे? पुढे आठव्या भागात बोजॅक ज्या जुन्या मित्राला दगा देऊन मोठा झाला, त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. तिथून मालिकेची जातच बदलते. तिसऱ्या सीझनमध्ये तर समुद्राखाली घडणारा, जवळजवळ संवादच नसलेला एक अख्खा भाग आहे. मी सोडून दिलेली मालिका तीच होती, हे मला पटेना.

सिम्पसन्सच्याही पहिल्याच घासाला खडा लागला होता. जो भाग सर्वांत आधी दाखवायचा, त्याचं अ‍ॅनिमेशन इतकं वाईट होऊन आलं की बरंचसं पुन्हा करावं लागलं. तो भाग सीझनच्या शेवटी गेला आणि नाताळचा भाग पुढे आला. म्हणून माझा हिशोब असा : सहा भाग द्यायचे. सहा भागांत एकदाही हसू आलं नाही, तर मात्र ‘पुढे सुधारते’ म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका. मीही तसा मित्र आहे, त्यामुळे सांगतो.

उतरणीचं खापर एकाच माणसावर फोडणं

ही आम्हा चाहत्यांची लाडकी चूक. सिम्पसन्सचे सातवा-आठवा सीझन बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन यांनी सांभाळले, नवव्यापासून माइक स्कली शोरनर (म्हणजे लेखनाची आणि निर्मितीची सूत्रं सांभाळणारे) झाले, आणि ‘इथेच सगळं मुसळ केरात गेलं’ असं ठरून गेलं. पुरावा म्हणून १९९७ चा तो भाग पुढे केला जातो, ज्यात मुख्याध्यापक स्किनर हा खरा स्किनर नाहीच असं निघतं. भाग मलाही आवडत नाही. वर्षानुवर्षं ओळखीचं असलेलं पात्र एका धक्क्यासाठी मोडायचं आणि शेवटी ‘विसरा बरं का’ म्हणायचं, हे मला फसवल्यासारखं वाटतं. पण गंमत अशी की तो भाग नवव्या सीझनमध्ये दिसला, तरी तयार झाला होता ओकली-वाइनस्टीन यांच्याच हाताखाली. आधीच्या वर्षाच्या कामातून उरलेला. शिव्या मात्र स्कलींच्या वाट्याला आल्या.

तेराव्या सीझनपासून सूत्रं आली अल जीन यांच्याकडे. माइक रीस यांच्याबरोबर तिसरा-चौथा सीझन चालवणारे तेच हे अल जीन. म्हणजे चाहते ज्याला सोनेरी काळ म्हणतात, त्या सुरुवातीच्या सीझनमधला माणूस परत आणूनही सोनेरी काळ परत आला नाही. भागाच्या सुरुवातीची नावं वाचायची सवय लावा. दहा-बारा भागांनंतर आपल्याला कुणाचं लिखाण मानवतं ते कळतं. मग नुसत्या सीझनच्या आकड्यावर विसंबावं लागत नाही.

तसाही तो आकडा भरवशाचा नाही. ‘फ्यूचरामा’चे पहिले भाग बनले चार हप्त्यांत, पण वाहिनीने दाखवले पाच सीझनमध्ये, तेही क्रम उलटापालटा करून. त्यामुळे ‘चौथा सीझन बघ’ म्हणू नका, भागाचं नाव सांगा.

ताजा विनोद शिळा झाल्यावर चाखणं

‘साउथ पार्क’चा एक भाग साधारण सहा दिवसांत तयार होतो. इतरांना त्यासाठी महिनोन् महिने लागतात, म्हणून त्यांची राजकीय चेष्टा बऱ्याचदा वरातीमागून घोडं ठरते. पण घाईलाही किंमत मोजावी लागते. २०१६ मध्ये मालिकेचे निर्माते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी अख्खा सीझन एका सलग कथेत गुंफला. अमेरिकेच्या निवडणुकीत हिलरी क्लिंटन जिंकणार असं धरून भाग रचला होता; निकाल उलटा लागला आणि तो एका रात्रीत बदलावा लागला. उरलेल्या सीझनमध्ये कथा दिशा शोधत फिरताना स्पष्ट दिसते. आज तो सीझन बघून ‘साउथ पार्क संपलं’ म्हणणं अन्यायाचं आहे. नव्या माणसाने सुटे, एका भागात आटोपणारे किस्से आधी बघावेत.

पुन्हा सुरू झाली म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असं धरणं

फ्यूचरामा २००३ मध्ये थांबली, २००७ पासून डीव्हीडी चित्रपटांतून आली, २०१० ते २०१३ दुसऱ्या वाहिनीवर चालली आणि २०२३ मध्ये परत उठली. या दुसऱ्या-तिसऱ्या जन्मात फुसके भाग आहेत, नाही असं नाही. पण फक्त पुढेच जाणाऱ्या कालयंत्राचा भाग २०१० चाच आहे, आणि माझ्या मते तो पूर्ण मालिकेतल्या सर्वोत्तम तिघांत बसतो.

‘फॅमिली गाय’चं उलट झालं. २००२ मध्ये बंद पडलेली ही मालिका डीव्हीडीच्या खपामुळे आणि पुनःप्रक्षेपणामुळे २००५ मध्ये परतली, आणि मला तरी त्यानंतर कथेपेक्षा मध्येच घुसवलेल्या चुटक्यांचाच भार जास्त वाटतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये ब्रायन हा कुत्रा मारला आणि तीन आठवड्यांत कालयंत्राने परत आणला. त्यानंतर या मालिकेत कुणी मेलं तर मी चहा करायला उठतो.

कापलेलं चित्र बघून विनोदाला दोष देणं

हा दोष लेखकांचा नसतो. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर सिम्पसन्सचे जुने, चौकोनी चित्राचे भाग रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापून आले. डफ बिअरच्या कारखान्यातल्या प्रसिद्ध विनोदात वेगवेगळ्या नावांच्या टाक्यांना वरून एकच नळ येतो. तो नळच कापला गेला. विनोद गायब! पुढच्या वर्षी मूळ चौकट परत मिळाली. मालिकेच्या तपशिलाच्या पानावर रीमास्टर्ड आस्पेक्ट रेशोचं (चित्र रुंद करणारं) बटण असतं, ते बंद करा.

सुरुवातीचं शीर्षकगीत गाळणाऱ्या ‘स्किप इंट्रो’च्या बटणालाही हात लावू नका. सिम्पसन्सचा सोफ्यावरचा विनोद आणि ‘बॉब्ज बर्गर्स’ या मालिकेतल्या शेजारच्या दुकानाची दर वेळी बदलणारी पाटी तिथेच असते.

सगळं सलग बघणं

बोजॅक सलग बघा, तिथे जखमा पुढच्या भागात उरतात. फॅमिली गायचे मात्र दिवसाला दोनच. तिसऱ्या भागाला चुटका कुठे येणार ते आधीच कळतं, आणि पाचव्यापर्यंत मालिका वाईट वाटायला लागते. तोच पाचवा भाग आठवड्याने एकटा लावा; मी दोनदा करून पाहिलंय, दोन्ही वेळा हसलो.