सेल्फ लागत नाही? नवा स्टार्टर घेण्याआधी या चुका टाळा

चावी फिरवली, नुसता ‘कट’ आवाज आला, की ‘सेल्फ गेला’ म्हणून थेट नवा स्टार्टर बसवला जातो. बॅटरी न तपासता! सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

‘कट-कट-कट’ असा भराभर आवाज येतोय आणि मीटरचे दिवे मंदावतायत? मग संशय आधी बॅटरीवर. चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते; सेल्फ मारताना आकडा 10 च्या बराच खाली घसरला तर तिची लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) करून घ्या. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड आणि इंजिनला जाणारी अर्थची केबलही बघा. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ती केबल वरून धडधाकट दिसते, आतून मात्र कुजलेली असते.

दिवे लख्ख आणि एकच जाड ‘टक’? मग सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) किंवा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश). स्टार्टरला हलकं ठोकल्यावर गाडी सुरू झाली तर बहुतेक वेळा कार्बन झिजलेले असतात. ही युक्ती गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतीच. लोक त्यावर महिने काढतात आणि तिथेच फसतात: झिजलेला कार्बन ठिणग्या पाडतो, त्याने कॉम्युटेटरचं (कार्बन ज्यावर घासतो त्या भागाचं) तांबं जळतं, आणि किरकोळ दुरुस्तीत भागणारं काम आर्मेचरवर (मोटरच्या फिरत्या गाभ्यावर) जातं.

मोटर घुर्र फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे स्टार्टरला इंजिनशी जोडणारा दातेरी भाग. करकर आवाज असेल तर फ्लायव्हीलचे (इंजिनच्या मोठ्या चाकाचे) दातेही बघायला सांगा, नाहीतर नव्या स्टार्टरचं पिनियनही (छोटं दातेरी चाकही) ते खातील.

दुरुस्ती की बदल, हे स्टार्टर खोलल्याशिवाय ठरवू नका. खोलताना समोर उभे राहा. कार्बन, बुश (शाफ्टला आधार देणारी कडी), बेंडिक्स, सोलेनॉइड यांपैकी एखादंच गेलं असेल तर मी बेलाशक दुरुस्ती करेन. आर्मेचर काळं पडून जळका वास येतोय, कॉम्युटेटरवर खोल चर पडलेत किंवा आतले चुंबक फुटलेत, तर बदलाच. इंजिनचं तेल स्टार्टरवर गळत असेल तर आधी ती गळती बंद करा.

सिग्नलला आपोआप बंद होऊन सुरू होणाऱ्या गाडीत साधा स्टार्टर ‘बसतो’ म्हणून बसवू नका. तिचा स्टार्टर कितीतरी जास्त वेळा फिरण्यासाठी बनवलेला असतो; पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

घरी काढणार असाल तर पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. स्टार्टरच्या जाड केबलला चावी बंद असतानाही करंट असतो. पाना बॉडीला टेकला की जागीच वेल्ड होऊ शकतो.